कृपया अपग्रेड करू नये

सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'जुनं' ही शिवी आहे. तिला आपण 'लेगसी' असं गोंडस नाव दिलंय, त्यामुळे ऐकायला ती आजीच्या पाटल्यांसारखी वाटते. पण मीटिंगमध्ये कुणी तुमच्या सिस्टिमला लेगसी म्हणालं की समजायचं, हिचे दिवस भरले. मग एक नवा आर्किटेक्ट येतो, बोर्डावर चौकोन आणि बाण काढतो, आणि पुढची दोन वर्षं सगळे मिळून जे चालत होतं तेच पुन्हा चालवण्याच्या मागे लागतात. या कामाचा पगार मीही घेतलेला आहे, त्यामुळे फार बोलत नाही.

आज मात्र मला एका अशा यंत्राची बाजू घ्यायची आहे, जे १९३१ सालापासून (दुसऱ्या महायुद्धाची वर्षं वगळता) जवळजवळ जसंच्या तसं चालू आहे. ते समुद्रातले बारीक जीव गोळा करतं. आणि माझं मत असं, की समुद्र कसा बदलतोय याबद्दल आपल्याला जे काही खात्रीने सांगता येतं, त्यातला बराचसा भाग या यंत्राला कुणी 'सुधारलं' नाही म्हणून सांगता येतो.

हा बाबा एकदम समुद्रात कुठून गेला, असं वाटेल. माझी एक मैत्रीण गोव्यात राहून कोपेपॉड मोजून मोजून डॉक्टर झाली. तिच्या गप्पांमधून मला हे वेड लागलं आणि मग वीकेंडला सापडेल ते वाचत गेलो. त्यामुळे खालचं सगळं एका हौशी माणसाचं म्हणणं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी थोडं प्राथमिक. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर जे वाहत जातं ते. त्यातले वनस्पतिप्लवक उन्हावर अन्न बनवतात आणि प्राणिप्लवक, म्हणजे झूप्लँक्टन, त्यांना (आणि एकमेकांना) खातात. हे सगळे डोळ्यांना न दिसणारेच असतात असं नाही. हातभर जेलीफिशसुद्धा प्लवकच, कारण प्रवाहाच्या विरुद्ध जाण्याची तिची टाप नाही. आपल्याकडे बाजारात वाट्यावर मिळणारा जवळा हाही वाहत राहणाऱ्या कोळंबीचाच एक प्रकार. म्हणजे जवळ्याची चटणी खाणाऱ्या समस्त मंडळींनी झूप्लँक्टन चाखलेलं आहे. पण या दुनियेतली खरी बहुजन जनता म्हणजे कोपेपॉड. तांदळाच्या कणीएवढा किंवा त्याहूनही छोटा, लांब मिशा असलेला, झटके देत पोहणारा प्राणी. त्याला बांगडा खातो, बांगड्याला आपण खातो. शिवाय हे जीव रोज रात्री वर येतात आणि दिवसा खोल जातात. दुसऱ्या महायुद्धात सोनार वापरणाऱ्यांना समुद्राचा तळ संध्याकाळी वर सरकतोय असा भास व्हायचा, तो या आणि यांना खाणाऱ्या प्राण्यांच्या दाट थरामुळे. वर खाल्लेलं खाली नेऊन टाकतात, त्यामुळे हवेतला काही कार्बन खोल समुद्रात जातो तो यांच्या कृपेने. असो. यांचं महत्त्व पटवणं हा आजचा विषय नाही.

आजचा विषय आहे यांचा अभ्यास कसा करायचा. कारण इथे एक गंमत आहे. इकॉलॉजीत, विशेषतः समुद्राच्या, प्रयोग करायला फारसा वाव नसतो. दुसरा समुद्र नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट एन्व्हायरन्मेंटच नाही, जे काय होतंय ते थेट प्रॉडक्शनवर. मग उरतं काय, तर बघत राहणं. तेच तेच, त्याच जागी, वर्षानुवर्षं.

ॲलिस्टर हार्डी नावाचे एक इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ १९२५ ते १९२७ या काळात 'डिस्कव्हरी' जहाजावरून अंटार्क्टिकाच्या समुद्रात गेले होते. मोहीम होती देवमासे आणि ते खातात त्या क्रिलची. तोवरची पद्धत अशी, की जहाज थांबवायचं, जाळं सोडायचं, वर ओढायचं, बाटलीत भरायचं आणि पुढे जायचं. हार्डींना दिसलं की प्लवक समुद्रात सारखे पसरलेले नसतात, ढगांसारखे पुंजके असतात. थांबून घेतलेला नमुना पुंजक्यात पडला की आकडा प्रचंड, शेजारी पडला की शून्य. म्हणून त्यांनी जहाज चालू असताना सलग नोंद घेणारं यंत्र बनवलं, कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर. संक्षेप सीपीआर, छातीवर दाब देतात तो नव्हे :) पुढे ते इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी प्राध्यापक झाले आणि १९३१ साली तिथून उत्तर समुद्रात जाणाऱ्या व्यापारी जहाजाच्या मागे हे यंत्र बांधायला सुरुवात झाली. (हार्डी हे अवलिया प्रकरण होतं. उतारवयात त्यांनी ऑक्सफर्डला माणसांच्या धार्मिक अनुभवांचा अभ्यास करणारं केंद्र काढलं. तो वेगळ्या शनिवारचा विषय.)

यंत्र बघितलंत तर तुमची निराशा होईल. धातूचा, माशासारखा दिसणारा एक डबा. तोंडाला सव्वा सेंटिमीटरचं चौकोनी भोक. त्यातून पाणी आत येतं आणि रेशमी कापडाच्या पट्टीतून गाळलं जातं. वरून दुसरी रेशमी पट्टी येऊन बसते, म्हणजे जीव मधे सँडविचसारखे अडकतात, आणि गुंडाळी फॉर्मॅलिनच्या टाकीत जाते. मागे एक पंखा असतो, तो पाण्याच्या जोराने फिरतो आणि त्यावरच गुंडाळी पुढे सरकते. बॅटरी नाही, मोटर नाही. खलाशांनी ते फक्त दोराने सोडायचं, जहाज आपल्या वेगाने आपल्या मार्गाने जातं आणि पुढच्या बंदरात डबा परत. मग प्रयोगशाळेत कापडाचे तुकडे पाडतात, एक तुकडा म्हणजे दहा सागरी मैल. तेवढ्या अंतरात गाळलं जातं साधारण तीन घनमीटर पाणी, म्हणजे गच्चीवरच्या तीन हजार लिटरच्या टाकीएवढं. साडेअठरा किलोमीटर समुद्राचा हिशेब एका टाकीत!

आता जरा इंजिनिअरच्या नजरेने याचे दोष काढू. रेशमाची जाळी २७० मायक्रॉनची, म्हणजे त्याहून बारीक ते बहुतेक निसटून जातं. जेलीफिशचा चेंदामेंदा होतो. यंत्र पृष्ठभागापासून सात-आठ मीटरवर चालतं, खालचं काही कळत नाही. आणि मोजणी तर अशी की आपल्याकडच्या कुठल्याही क्यूए टीमने पहिल्याच दिवशी परत पाठवली असती. एक, दोन, तीन दिसले तर तेवढेच लिहायचे. चार ते अकरा कितीही दिसले तरी सहा धरायचे. बारा ते पंचवीस असतील तर सतरा. कापड किती हिरवं दिसतंय तेही डोळ्यांनी ठरवतात. प्रकार चार. हिरवं नाही, अगदी फिकं हिरवं, फिकं हिरवं, हिरवं. बस्स.

मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी मैत्रिणीला म्हटलं, अगं, हा काय डेटा आहे? ती म्हणाली, "चूक आहे ना? पण ती दरवर्षी तीच आहे."

हे वाक्य पचायला मला वेळ लागला. आपल्याला अचूकतेचं वेड असतं. पण 'आज समुद्रात नक्की किती कोपेपॉड आहेत' हा प्रश्नच कुणाला विशेष पडलेला नसतो. प्रश्न असतो, 'पूर्वीपेक्षा कमी झाले का? सरकले का? लवकर येऊ लागले का?' आणि त्यासाठी पूर्वीचं आणि आजचं एकाच मापाने मोजलेलं लागतं. दहा टक्के कमी वजन दाखवणारा घरातला काटा तुम्ही बारीक होताय की जाड हे बरोबर सांगतो. दर सहा महिन्यांनी नवा, अधिक अचूक काटा आणलात तर वजन बदललं की काटा, हेच कळेनासं होतं. सीपीआरवाल्यांनाही बदल चुकले नाहीत, कारण जहाजंच मोठी आणि वेगवान झाली. पण अशा प्रत्येक बदलाचा मोजणीवर काय परिणाम होतो हे तपासत बसणं, हा त्यांनी कामाचाच भाग मानला.

आता यातून निघालं काय ते सांगतो.

उत्तर समुद्रात कॅलॅनस जातीचे दोन कोपेपॉड आहेत. फिनमार्किकस थंड पाण्याचा, हेल्गोलँडिकस त्यामानाने उबदार पाण्याचा. दोघे दिसायला जुळे भाऊ. वेगळे ओळखायचे तर सूक्ष्मदर्शकाखाली पायांची पाचवी जोडी बघायची आणि तिच्या आतल्या कडेला बाक आहे का ते पाहायचं. हे काम वर्षानुवर्षं माणसं करत आलीत. कुणी हुशार मॅनेजर म्हणाला असता की कशाला एवढा तपशील, दोन्ही 'कॅलॅनस' म्हणून एकत्र लिहा, वेळ वाचेल, तर पुढचं काहीच कळलं नसतं. पुढचं असं, की थंडवाला कमी होत गेला आणि त्याच्या जागी उबदारवाला आला. आता कुणी म्हणेल, एक गेला दुसरा आला, माशांना काय फरक पडतो? फरक वेळेचा. फिनमार्किकसचं पीक वसंतात येतं, हेल्गोलँडिकसचं उन्हाळा सरता सरता. कॉड माशाची पिल्लं वसंतात जन्मतात आणि तेव्हा पानात वाढायला काही नसतं. ग्रेगरी बोग्राँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली 'नेचर'मध्ये हे मांडलं. कॉड कमी होण्याचा दोष बेसुमार मासेमारीवर होताच, पण समुद्राच्या बाजूनेही पाय ओढला जात होता हे या रेशमी पट्ट्यांमुळे दिसलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनीच दाखवलं होतं की ईशान्य अटलांटिकमधले उबदार पाण्याचे कोपेपॉड चाळीस वर्षांत सुमारे दहा अक्षांश उत्तरेला सरकलेत. दहा अक्षांश म्हणजे साधारण मुंबईहून दिल्लीच्या रेषेपर्यंत.

उत्तर समुद्राची ही सगळी घडी बदलली ती मुख्यतः १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. आणि हीच ती वर्षं, जेव्हा हा प्रकल्प बंद करायचं घाटत होतं! अर्धशतक झालं, तेच तेच मोजताय, यात नवीन विज्ञान काय, असा एकंदर सूर. सरकारी पैसा आटला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला आणि १९९० मध्ये हार्डींच्या नावाने संस्था काढून हे काम कसंबसं तगवलं गेलं (२०१८ पासून ते प्लिमथच्या मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनकडे आहे). इंग्लिश खाडीतली प्लिमथची जुनी निरीक्षणं इतकी नशीबवान नव्हती. तीही त्याच दशकात थांबवली गेली आणि २००० नंतर पुन्हा सुरू करावी लागली. पुन्हा सुरू करता येतं, मधली वर्षं मात्र परत मोजता येत नाहीत. समुद्राचा बॅकअप नसतो.

माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट पुढेच आहे. हार्डींचा मूळ हेतू काय होता माहितीये? हेरिंग मासे पकडणाऱ्यांना मदत. हवामानाच्या नकाशासारखे प्लवकांचे नकाशे काढायचे, म्हणजे मासेमारांना कळेल कुठे जावं. म्हणजे रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये हेरिंग. पुढे उत्तर समुद्रातलं हेरिंगच इतकं कमी झालं की १९७७ साली ती मासेमारी बंद ठेवावी लागली. क्लायंट गेला, डेटा राहिला. आणि मग लोकांनी त्याला असे प्रश्न विचारले जे १९३१ मध्ये कुणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

२००४ साली प्लिमथच्याच रिचर्ड थॉम्प्सन यांनी जपून ठेवलेल्या जुन्या पट्ट्या काढल्या आणि त्यात प्लवकांऐवजी प्लॅस्टिकचे धागे शोधले. १९६०च्या दशकातल्या नमुन्यांतही ते होते आणि नंतरच्या दशकांत वाढत गेलेले दिसले. 'मायक्रोप्लॅस्टिक' हा शब्द आज वर्तमानपत्रात रोज येतो, तो रूढ व्हायला या शोधनिबंधापासून सुरुवात झाली. त्याहून मला आवडलेली गोष्ट २०१९ ची. हे यंत्र कधीकधी कशात तरी अडकतं, नमुना वाया जातो. अडकलं की वहीत लिहायचं, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, कशात अडकलं. निव्वळ एरर लॉग. क्लेअर ऑसल आणि सहकाऱ्यांनी या नोंदी १९५७ पासून २०१६ पर्यंत काढल्या. १९५७ साली प्लॅस्टिकचा मासेमारीचा दोर. १९६५ साली आयर्लंडजवळ प्लॅस्टिकची पिशवी. समुद्रातल्या मोठ्या प्लॅस्टिकचा साठ वर्षांचा आलेख बिघाडाच्या नोंदींतून निघाला!

हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो होतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो (नाव राहू द्या), तिथे नव्या प्लॅटफॉर्मवर जाताना स्टोरेजचा खर्च वाचवायचा म्हणून जुने लॉग उडवण्याचा निर्णय वरून आला. आम्ही दोघातिघांनी विरोध केला. उत्तर आलं, "मागच्या तीन वर्षांत हे कुणी उघडलंय का?" कुणीच उघडले नव्हते. वर्षभराने एका ग्राहकाचा वाद उभा राहिला, नेमके तेच हवे होते, आणि आमच्याकडे नवंकोरं, सुंदर, रिकामं डॅशबोर्ड होतं. 'कुणी उघडलंय का' हा प्रश्न ऐकायला फार तर्कशुद्ध वाटतो, म्हणून तो जास्त घातक.

सीपीआरमध्ये तर रिवाजच असा, की एकाआड एक तुकडाच तपासायचा. उरलेला अर्धा न बघता जपून ठेवायचा. आमच्या 'वरच्यां'ना हे दाखवलं असतं तर चक्कर आली असती.

आणि ते चार प्रकारचं हिरवं? १९९७ साली समुद्राचा रंग मोजणारा सीविफ्स हा उपग्रह वर गेला. त्याच्याकडे अर्थातच १९९७ च्या आधीचं काही नव्हतं. २००५ मध्ये संशोधकांनी त्याची मोजणी आणि हे डोळ्यांनी ठरवलेलं हिरवं एकमेकांशी ताडून पाहिलं. चांगलं जुळलं. त्याच्या आधारे ईशान्य अटलांटिकपुरती उपग्रहाची नोंद पन्नास वर्षं मागे नेता आली. कोट्यवधी डॉलरच्या उपग्रहाला भूतकाळ मिळाला तो रेशमाच्या चिंधीकडून.

"ते ठीक आहे, पण माणसाला याचा उपयोग काय?" असं विचारणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्यांच्यासाठी बांगलादेशातली गोष्ट. कॉलऱ्याचे जंतू पाण्यात नुसते तरंगत नाहीत, ते कोपेपॉडच्या कवचाला चिकटून राहतात, हे रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. एका कोपेपॉडवर हजारो जंतू असू शकतात. आता जंतू गाळायला महागडी गाळणी लागते, पण कोपेपॉड गाळायला काय लागतं? जुनी सुती साडी. धुऊन धुऊन धागे फुगलेली, चार पदरी घडी घातलेली. आपल्या आज्या हंड्याच्या तोंडाला लुगड्याचं फडकं बांधून पाणी गाळायच्याच की. मतलब भागातल्या खेड्यांमध्ये हा उपाय करून बघितला तेव्हा कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झालं. हा अभ्यास २००३ चा. (पाणी उकळण्याला हा पर्याय नव्हे, पण जिथे सरपणच परवडत नाही तिथे निम्मी लागण टळणं मोठं आहे.) पुढे २०१२ साली लुइजी वेझ्झुल्ली आणि मंडळींनी, त्यात कोलवेलही होत्या, सीपीआरच्या जुन्या पट्ट्यांमधून जंतूंचे डीएनए काढले आणि दाखवलं की कॉलऱ्याच्याच कुळातल्या व्हिब्रिओ जंतूंचं प्रमाण उत्तर समुद्रात पाणी तापत गेलं तसं वाढत आलंय. हार्डींनी पट्ट्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचं ठरवलं तेव्हा डीएनएची रचनाही कुणाला माहीत नव्हती.

आता आपल्या समुद्राकडे येतो, कारण मला खरी रुखरुख तिथे आहे.

आपण काही केलंच नाही असं अजिबात नाही. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम झाली. तिच्यात सगळ्या देशांनी एकाच प्रकारचं जाळं वापरायचं ठरवलं, इंडियन ओशन स्टँडर्ड नेट. २०० मीटरपासून वरपर्यंत सरळ ओढायचं. नमुने जमा झाले कोचीला, आणि तिथे बसून आपल्या लोकांनी ते निवडले, वेगळे केले. धान्य निवडावं तसं, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्यात दोना पावलाला गेलात तर तिच्या शेजारून जाल. तिथल्याच माधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अरबी समुद्राचं एक कोडं मांडलं. आपल्या समुद्रात पावसाळ्यात आणि थंडीत वनस्पतिप्लवकांची चंगळ असते, मधल्या महिन्यांत दुष्काळ. तरीही प्राणिप्लवकांचं एकूण वजन वर्षभर जवळजवळ सारखंच. हे खातात तरी काय? त्यांनी सुचवलेलं उत्तर असं, की दुष्काळात बॅक्टेरिया वाढतात, त्यांना अतिसूक्ष्म प्राणी खातात आणि त्यांच्यावर कोपेपॉड गुजराण करतात. म्हणजे मुख्य खानावळ बंद असते तेव्हा मागच्या गल्लीतली टपरी चालू असते. फार सुंदर काम आहे हे.

पण मोहीम म्हणजे मोहीम. ती संपते. १९३१ पासून महिन्यामागून महिना चाललेली मालिका अरबी समुद्राची नाही. त्याने काय अडतं याचं उदाहरण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेलं आहे. २०२० च्या अखेरीस मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्याचे व्हिडिओ फिरले. ती नॉक्टिल्युका. एकपेशीय, पण नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसेल एवढी, आणि स्वतः शिकार करणारी, म्हणून तिचा हिशेब बरेचदा प्राणिप्लवकांत होतो. तिचा एक हिरवा अवतार उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात प्रचंड प्रमाणावर माजतो. पूर्वी त्या काळात डायॅटम नावाच्या वनस्पतिप्लवकांचं राज्य असायचं. २०१४ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात याचा संबंध पाण्यातल्या कमी होणाऱ्या ऑक्सिजनशी जोडला होता. इतरांना ते पटलेलं नाही. नॉक्टिल्युकाला सगळे खात नाहीत, पारदर्शक साल्प आणि जेलीफिशसारख्यांना ती चालते, त्यामुळे हा वाद नुसता पंडितांचा नाही, शेवटी तो कोळणीच्या पाटीपर्यंत येतो. तो मिटवायला लागेल १९७०, ८०, ९०चा, दर महिन्याचा, एकाच जाळ्याचा हिशेब. तो कुठून आणायचा?

माझी मैत्रीण तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर होती. तीन वर्षं दर महिन्याला त्याच जागी जाऊन नमुने आणले. प्रोजेक्ट संपला, पुढच्या प्रोजेक्टचा विषय वेगळा, जाळं वेगळं. तिची ओळख पटवण्याची नजर, जी यायला पाच-सहा वर्षं गेली, ती आता एका शैक्षणिक ॲपचा कंटेंट तपासते. बाटल्यांवर तिच्या अक्षरातली लेबलं आहेत आणि फॉर्मॅलिन उडून जाऊ नये म्हणून त्यात अधूनमधून भर घालणारा मदतनीस निवृत्त झालाय. ती यावर कडवट बोलत नाही, मीच बोलतोय.

तुमच्यातले काही आता सरसावून बसले असतील. "अरे, पण आता पर्यावरणातला डीएनए काढता येतो, पाण्याखाली कॅमेरे आहेत, एआय ओळखेल की कोपेपॉड!" ओळखेल. काही ठिकाणी ओळखतोही. मी याच्या विरोधात असेन तर माझं दुकानच बंद होईल. माझं म्हणणं एवढंच, की नवं आणा आणि जुन्याच्या शेजारी चालवा. बँकेचं सॉफ्टवेअर बदलताना आपण पॅरलल रन करतो ना, तसं. फक्त समुद्राचा पॅरलल रन एका तिमाहीचा नसतो, त्याला दहा-पंधरा वर्षं द्यावी लागतात. शिवाय पाण्यातला डीएनए कोण होतं हे सांगतो, पण किती होते आणि त्यातली पिल्लं किती, हे त्याला अजून नीट जमत नाही. आणि एआयला शिकवायला जी बरोबर ओळखलेली चित्रं लागतात, ती ओळखणार कोण? पाचवा पाय बघणारंच कुणीतरी.

मला एक साधी गोष्ट सुचते. न्हावाशेव्याहून जेबेल अली आणि सलालाकडे कंटेनरची जहाजं सतत सुटतात, बरोब्बर त्या अरबी समुद्रातून. हार्डींच्या पद्धतीला संशोधन जहाज लागत नाही, संशोधकही बरोबर जावा लागत नाही. एक डबा, एक दोर, डेकवर दोन तयार माणसं आणि हो म्हणणारा कॅप्टन. दर महिन्याला एक फेरी, तोच मार्ग, तीच जाळी, तीच सदोष मोजणी, पन्नास वर्षं. किनाऱ्यावर चार-सहा माणसांना कायमची नोकरी, ज्यांच्या अप्रेझलमध्ये 'या वर्षी काय नवीन केलंत' हा प्रश्न नसेल. एवढ्या मोठ्या देशाला हे जड नाही.

अडचण एकच दिसते. असा प्रस्ताव कुठेही पाठवायचा म्हटलं तर अर्जात 'तीन वर्षांतील अपेक्षित निष्पत्ती' असा रकाना असतो, आणि खरं उत्तर लिहायचं तर 'काहीही नाही, ३६ गुंडाळ्या' असं लिहावं लागेल. जरा बऱ्या शब्दांत हे कसं लिहायचं, कुणाला सुचलं तर सांगा. मैत्रिणीला कळवतो.